व्यवसायाचा रकाना

मी वही ठेवते.
तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात ठेवली,
कारखाना गेला, सवय राहिली.
म्हणून मिरेलनं मलाच विचारलं,
"ओडेट, खजिनदार होशील?"
खजिना म्हणजे तेव्हा
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा
आणि त्यात एकेचाळीस डॉलर.

मिरेल थिबोडो. वृद्धाश्रमात रात्रपाळी.
दर दोन तासांनी म्हाताऱ्यांची कूस बदलायची,
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
भाषणातही तेच सांगायची:
"एका कुशीवर फार दिवस पडून राहिलं
की गावसुद्धा सडतं, हो."
सल्लागार म्हणाला, हे वाक्य काढा.
सल्लागाराला द्यायला पैसे नव्हते.
वाक्य राहिलं.

कायदा म्हणतो, रक्कम मोठी असेल
तरच देणाऱ्याचा व्यवसाय विचारा.
मी सगळ्यांना विचारते.
कारखान्यात आम्ही खिळासुद्धा मांडायचो.

पहिल्या हिवाळ्यात पाकिटं आली
ओल्या हातमोज्यांचा वास घेऊन.
पाच डॉलर, हिबाक वरसामे, किराणा दुकान, लिस्बन स्ट्रीट.
सात डॉलर, बर्फ उपसणारा.
(उन्हाळ्यात काय करतोस? काही नाही.)
दोन डॉलरची चिल्लर, चिकटपट्टीत गुंडाळून,
शाळेतली स्वयंपाकीण.
आणि कुणीतरी, अक्षर थरथरतं,
व्यवसाय: वाट बघणे.
कागद परत पाठवायला हवा होता.
मी तसाच नोंदवला.

थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
आमच्याकडे तळं डिसेंबरात गोठतं.
थेंब साचत नाही,
वाजतो.

नगरपालिकेत ती त्रेसष्ट मतांनी आली.
मग राज्याच्या सभागृहात.
मग थेट वॉशिंग्टनची निवडणूक,
आणि टीव्हीवर दर दहा मिनिटांनी
तिचा काळापांढरा, डोळे अर्धे मिटलेला फोटो.
विरोधकाचं जेवण, ताटाला पाच हजार.
आमचं चर्चच्या तळघरात, उकडलेल्या शेंगदाण्या, म्हणजे बीन्स, आणि पाव,
ताटाला सहा,
दुसऱ्यांदा वाढून घेतलं तरी सहाच.

त्याच आठवड्यात उंटाच्या रंगाचा कोट घातलेला
एक माणूस चेक ठेवून गेला.
मी शून्यं मोजली, पेन्सिलीचं टोक टेकवत.
मिरेल दारात उभी, कामावरचेच बूट.
त्या महिन्यात तिच्या घरातला हीटर बंद होता.
हे सांगते, कारण नकार सोपा होता
असं उद्या कुणी लिहू नये.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "याचा व्यवसाय काय लिहिशील?"
चेक परत गेला.
टपालखर्च मी वहीत टाकला, त्र्याहत्तर सेंट.

ती जिंकली. एकतीस हजार नावं होती वहीत,
सरासरी अकरा डॉलर.
त्या रात्री लोक नाचले. मी बेरीज पुन्हा तपासली.

आता नॉर्मांड ओलेटबद्दल.
निवृत्त, कागद गिरणी. दर महिन्याला तीन डॉलर,
पत्र्याच्या डब्यापासून.
फेब्रुवारीत आले नाहीत.
मी आधी निधनवार्ता पाहिल्या, मग फोन केला.
"जिवंत आहे," तो म्हणाला, "रागावलोय.
त्या अंदाजपत्रकाला हो म्हणाली ना ती?
रात्रीचा दवाखाना बंद झाला, माहीत आहे?"
माहीत होतं.

शनिवारी ती आली. त्याच्या स्वयंपाकघरात दोन तास.
मी बाहेर गाडीत, काचेवर धुकं.
काय बोलले, ठाऊक नाही.
परत येताना तिनं एवढंच सांगितलं,
"माझं चुकलं की नाही, मलाच कळत नाहीये.
त्याला मात्र कळलंय."

मार्चात पाकीट आलं. एक डॉलर.
बाकीचे दोन त्यानं राखून ठेवलेत.
व्यवसायाच्या रकान्यात
'निवृत्त' खोडलेलं,
आणि वर, पेन दाबून लिहिलेलं:
लक्ष ठेवणे.